कॉलेज नको, कारण...

बारावीचा निकाल लागला त्याच्या दुसऱ्या दिवशी, रात्रीची जेवणं आटोपल्यावर, आमच्या कन्येने वहीतून फाडलेला एक कागद माझ्यासमोर ठेवला. कागदावर आठ कॉलेजांची नावं होती. त्यातल्या सातांवर लाल पेनाने काट मारलेली आणि प्रत्येकापुढे नापसंतीचं कारण लिहिलेलं. इतकी नीटनेटकी नोंद मी आमच्या कचेरीतसुद्धा क्वचितच पाहिली असेल.

कारणं अशी होती. पहिलं कॉलेज नको, कारण त्याचं फाटक बाबांच्या ऑफिसच्या गॅलरीतून दिसतं. दुसरं नको, कारण त्याच्या नावाची आद्याक्षरं जुळवली की खोकल्याच्या औषधासारखं काहीतरी ऐकू येतं. तिसऱ्याच्या ओळखपत्राची फीत शेवाळी रंगाची आहे. चौथ्याच्या कॅन्टीनमधल्या पातळभाजीत गूळ घालतात. पाचव्याकडे जाणाऱ्या बसचा कंडक्टर आमच्या शेजारचे काका आहेत. सहावं पठारावर आहे, तिथे पावसात छत्री उलटी होते. सातवं पुण्याचं. त्याच्यापुढे लिहिलं होतं, 'तिथे रात्री बेडूक ओरडत नाहीत. झोप येणार नाही.'

माझ्या आईने कागद चष्म्याजवळ धरून वाचला आणि म्हणाली, "बाय गो, कॉलेज म्हणजे काय सोयरीक आहे? नाकडोळे बघून नाकारायला?"

सगळे हसले. मीही हसलो. पण मी पडलो कारकून. वीस वर्षांहून अधिक काळ फाईली हाताळल्यावर एक गोष्ट अंगवळणी पडते. फायलीवर लिहिलेलं कारण वाचायचं आणि मग पानं उलटून मागे जायचं. 'कागदपत्रे अपुरी' असा शेरा असतो तेव्हा कधी कागदपत्रं खरंच अपुरी असतात, कधी साहेबांचा मूड अपुरा असतो आणि कधी अर्जदारानेच आतल्या आत माघार घेतलेली असते. म्हणून त्या रात्री अंथरुणावर पडल्यापडल्या मी पानं उलटू लागलो. आमच्या घरातली आणि गोव्यातलीही.

फार मागे गेलं तर नाकारायला कॉलेजच नव्हतं. पणजीत १८४२ साली वैद्यकीय शाळा निघाली, ती 'एस्कोला मेदिका'. आशिया खंडातल्या जुन्या वैद्यकीय शाळांत तिची गणना होते आणि तिचा आपल्याला अभिमान आहे. १८५४ साली लिसेव सुरू झालं. गावात 'प्रिमेर ग्राव', 'सेगुंद ग्राव' करायचं, जमलं तर लिसेव गाठायचं. पुढे डॉक्टर किंवा औषधशास्त्राचा माणूस व्हायचं नसेल आणि लिस्बनचं बोटीचं भाडं परवडत नसेल, तर शिक्षण तिथे संपलं. मराठीतून, इंग्रजीतून किंवा पोर्तुगीजमधून कला, विज्ञान वा वाणिज्य शाखेची पदवी देणारं एकही कॉलेज १९ डिसेंबर १९६१ पर्यंत गोव्यात नव्हतं. मुंबईत विल्सन आणि एल्फिन्स्टन ही कॉलेजं एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात उभी राहिलेल्या संस्थांमधून वाढली, पुण्यात फर्ग्युसन १८८५ साली निघालं, कोल्हापूरचं राजाराम कॉलेज त्याच्याही आधीचं. हा सगळा काळ गोव्यातल्या पोराने दुसऱ्याच्या अंगणातलं झाड बघावं तसा बघितला.

पोर्तुगालात १९१० साली प्रजासत्ताक आलं आणि हिंदूंना कायद्याने बरोबरीचा दर्जा मिळाला. त्याच सुमारास आपल्याकडच्या शाळांनी उभारी धरली. घराघरातून मूठमूठ तांदूळ गोळा करून उभी राहिली म्हणून मुष्टिफंड, ती पणजीतली संस्था १९०८ सालची. फोंड्याचं गोवा विद्याप्रसारक मंडळ १९११ सालचं. दादा वैद्य यांच्यासारख्या माणसांनी या कामात आयुष्य घातलं. अशा शाळांतून मराठी आणि इंग्रजी शिकून मुलं मुंबई इलाख्याच्या मॅट्रिकला बसू लागली. म्हणजे दार उघडलं, पण ते घाटाच्या दिशेला उघडलं.

मुरगाव ते कॅसलरॉक हा लोहमार्ग १८८८ साली पुरा झाला होता. अंत्रुजातला मुलगा बैलगाडीने नाहीतर कारेरीने स्टेशन गाठायचा, आगगाडीत बसायचा, दूधसागरचे तुषार अंगावर घेत घाट चढायचा आणि वर गेल्यावर कॅसलरॉकला दुसऱ्या राज्यात उतरल्यासारखा ट्रंक उघडून दाखवायचा. पुढे लोंढा. लोंढ्याला रस्ते फुटत. एक बेळगावला, एक धारवाडला. धारवाडात कर्नाटक कॉलेज १९१७ साली सुरू झालं होतं. गंमत अशी की पुढे त्या कॉलेजला मिळालेली इमारत मुळात सदर्न मराठा रेल्वेचं मुख्य कार्यालय होतं. म्हणजे आमची पोरं रेल्वेने जायची आणि रेल्वेच्याच जुन्या कचेरीत शिकायची. बेळगावला लिंगराज कॉलेज १९३३ साली निघालं, राणी पार्वतीदेवी कॉलेज १९४५ साली. त्याच्या आधी बेळगावला जाणाऱ्यालाही पुढे धारवाड, सांगली, कोल्हापूर किंवा पुणं गाठावं लागे.

आमचे आजोबा १९३७ साली असेच धारवाडला गेले आणि चार महिन्यांत परत आले. कारण विचारलं तर म्हणाले, "तिथली भाकरी उतरत नाही." हे कारण आमच्या वाड्यावर पुढे दोन पिढ्या विनोद म्हणून चाललं. कोणी काही अर्धवट सोडून आला की लोक म्हणायचे, "भाकरी उतरली नाही काय रे?" आजोबा शेतकऱ्याच्या घरातले, उकड्या तांदळाच्या पेजेवर वाढलेले. लहानपणी आम्हालाही वाटायचं की भाकरीसाठी कोणी बी.ए. सोडतं का?

आजोबा गेल्यावर त्यांच्या पेटीत धारवाडहून त्यांनी वडिलांना लिहिलेली तीन पत्रं मिळाली. मोडीत होती म्हणून गावातल्या एका जाणत्या गृहस्थांकडून वाचून घेतली. मला वाटलं होतं आता काहीतरी गुपित निघणार. प्रेमभंग, भांडण, उसनवारी. तसलं काही नव्हतं. तिन्ही पत्रांत पोटाच्या तक्रारी होत्या. जोंधळ्याची भाकरी आणि खानावळीतलं तिखट यांनी अठरा वर्षांचा मुलगा आडवा झाला होता. शेवटच्या पत्रात वजन किती उतरलं तेही लिहिलं होतं. म्हणजे माणूस खरं बोलत होता आणि आम्ही पन्नास वर्षं हसत होतो! तेव्हापासून मी विचित्र कारणाला आधी खरं मानून बघतो. घरापासून दूर राहणाऱ्या मुलासाठी अन्न, पाणी, हवा ही बारीकसारीक बाब नसते. ज्याने खानावळीत दिवस काढलेत त्याला हे सांगायला नको.

नंतर तर घाटाकडचं दारही बंद झालं. १९५५ साली भारत सरकारने गोव्याची आर्थिक नाकेबंदी केली, आगगाडी थांबली, येण्याजाण्याला परवान्याचे अडथळे आले. जे पलीकडे शिकत होते ते पलीकडे अडकले, जे अलीकडे होते ते अलीकडे राहिले. त्या सहा वर्षांत सतरा-अठरा वर्षांच्या झालेल्या मुलांना 'कोणतं कॉलेज नको' हा प्रश्न कोणी विचारला नाही.

मुक्तीनंतर गोष्टी इतक्या भराभर घडल्या की आज नवल वाटतं. १९६२ साली, म्हणजे सहा महिन्यांच्या आत, पणजीला धेंपे कॉलेज आणि मडगावला चौगुले कॉलेज अशी दोन कॉलेजं सुरू झाली. दोन्ही खाण उद्योगातल्या घराण्यांच्या पाठबळावर, दोन्ही मुंबई विद्यापीठाशी संलग्न. १९६३ साली म्हापशाला सेंट झेवियर्स आलं, १९६४ साली नुव्याला मुलींसाठी कार्मेल. जुनी एस्कोला मेदिका १९६३ साली गोवा मेडिकल कॉलेज झाली. १९६७ साली फर्मागुढीला अभियांत्रिकी कॉलेज निघालं. दोनाचं चार आणि चाराचं आठ होत गेलं.

आणि दोन कॉलेजं झाल्याबरोबर एक 'नको' म्हणायची सोय झाली! माझ्या मते गोव्याच्या शिक्षणाच्या इतिहासातली ही मोठी घटना आहे, पण ती कुठल्या अहवालात सापडत नाही. एकच वाट असते तेव्हा माणूस ती चालतो किंवा बसून राहतो. दुसरी वाट फुटली की मगच आवडनिवड जन्माला येते. पणजीचं नको, तिथे शहरी पोरं इंग्रजी फाडतात. मडगावचं नको, तिथे जायचं तर जुवारी नाहीतर बोरी ओलांडावी लागते. अशी कारणं माझ्या वडिलांच्या पिढीने पहिल्यांदा काढली.

बाबा १९६३ साली एसएससी झाले. तेव्हा अकरावीनंतर थेट कॉलेज असायचं. गुण चांगले होते. मास्तरांनी घरी येऊन सांगितलं, "पणजीला घाला याला." बाबा म्हणाले, "मला बूट चावतात." पायात वहाणसुद्धा सणासुदीला घालणाऱ्या मुलाने लग्नात कोणाचेतरी बूट घातले होते आणि टाचेला फोड आला होता, एवढंच निमित्त. कॉलेजात बूट घालून जावं लागतं अशी त्यांची समजूत होती, किंवा ती समजूत आहे असं त्यांनी दाखवलं. २० डिसेंबर १९६३ ला भाऊसाहेब बांदोडकर मुख्यमंत्री झाले, खेडोपाडी मराठी प्राथमिक शाळा उघडू लागल्या आणि मॅट्रिक झालेल्या मुलांची गरज पडली. बाबा शिक्षक झाले. शाळेत ते आयुष्यभर चपला घालून गेले. बुटाचं कारण त्यांनी शेवटपर्यंत बदललं नाही. मात्र पहिल्या पगारात त्यांनी धाकट्या भावाच्या फीचे पैसे भरले आणि त्याच्यासाठी बूट घेतले हे मला काकांनीच सांगितलं. काका चौगुलेमधून बी.एस्सी. झाले.

गोव्यातल्या मुलांच्या नापसंतीच्या कारणांत नद्यांचा वाटा फार मोठा आहे. नकाशात बघा. पणजीपासून मडगाव काही लांब नाही, पण मध्ये जुवारी. म्हापशाहून पणजी हाकेच्या अंतरावर, पण मध्ये मांडवी. मांडवीवर पूल झाला तो मुक्तीनंतर नऊ-दहा वर्षांनी. जुवारीवरचा पूल वाहतुकीला खुला झाला १९८३ साली. तोपर्यंत आगशी आणि कुठ्ठाळीच्या मध्ये फेरीबोट. पावसाळ्यात लाटा, भरतीओहोटी, वाहनांची रांग. पहिलं लेक्चर गाठायचं म्हणजे पहाटे निघायचं. म्हणून गोव्यात 'कॉलेज कसं आहे?' याच्या आधी 'कॉलेज कुठल्या काठावर आहे?' हा प्रश्न येई.

भाड्याचा प्रश्न त्याच्या जोडीला. खासगी बसवाले विद्यार्थ्यांना नाखुशीने घेत. १९७९ साली विद्यार्थ्यांनी बसभाड्यात पन्नास टक्के सवलतीसाठी रस्त्यावर उतरून आंदोलन केलं आणि ती मिळवली. पुढच्याच वर्षी, १९८० साली, कदंब महामंडळ स्थापन झालं. आज कोणी मुलगी 'पाचव्या कॉलेजच्या बसचा कंडक्टर शेजारचे काका आहेत' असं म्हणते तेव्हा त्या बसच्या मागे आपल्या आधीच्या मुलांनी खाल्लेल्या लाठ्या आहेत, हे तिला सांगायला हवं. सांगितलं की ती मान हलवते आणि तरी काकांच्या बसने जायला तयार होत नाही, ही गोष्ट वेगळी.

नदीची एक गोष्ट आमच्या आजोळची. माझी मामेबहीण बार्देसातली, बेतीच्या जवळची. १९८६ साली तिने पणजीच्या एका कॉलेजात प्रवेश घेतला. जूनमध्ये ती बसने पुलावरून जाई, वीस मिनिटांत कॉलेजात. ५ जुलै १९८६ ला मांडवीचा पूल कोसळला. सगळा उत्तर गोवा एका संध्याकाळी फेरीबोटीवर आला. त्या दिवसांतली बेतीची गर्दी ज्यांनी पाहिली आहे त्यांना वर्णनाची गरज नाही. पंधरा दिवस ताई फेरीने गेली. सोळाव्या दिवशी म्हणाली, "मला पणजीचं कॉलेज नको. फेरीत पोटात ढवळतं." मामाला राग आला. होडीतून मासेमारी करणाऱ्यांच्या गावातली मुलगी, हिला बेती ते पणजी एवढ्यात कसलं ढवळतं? पण ती हटली नाही. शेवटी म्हापशाच्या कॉलेजात सोय झाली, वाणिज्यऐवजी कला शाखा घ्यावी लागली.

परवा एका लग्नात ती भेटली. आता साठीकडे झुकलेली, मुलगी नोकरी करणारी. मी कन्येच्या कागदाची गंमत सांगितली. ती हसली आणि मग हळूच म्हणाली, "पोटात ढवळायचं ते खरंच होतं रे. पण लाटांमुळे नव्हे. त्या गर्दीत मागे कोण उभं आहे ते बघायची सोय नसायची." एवढंच बोलली. मी अडतीस वर्षं तो किस्सा हसण्यावारी सांगत आलो होतो. घरातल्या कोणी तिला त्या वेळी, 'एवढंच कारण आहे ना गो?' असं विचारलं असतं तर तिने सांगितलं असतं की नाही, देव जाणे. विचारलं नाही एवढं मात्र खरं. नवीन पूल १९९२ साली सुरू झाला. तोवर ताईचं लग्न होऊन गेलं होतं. तिला हिशेबतपासनीस व्हायचं होतं हेही मला त्याच दिवशी कळलं.

मधल्या काळात गोव्याचं शिक्षण आणखी पसरलं. १९७५ साली गोव्याचं स्वतःचं शालान्त मंडळ झालं, अकरावी-बारावीची उच्च माध्यमिक विद्यालयं वेगळी निघाली. १९८५ साली गोवा विद्यापीठ आलं, मुंबईवरचं अवलंबन संपलं. साखळी, पेडणे, केपे, खांडोळा अशा ठिकाणी सरकारी कॉलेजं उघडली. त्यामुळे पेडण्याच्या मुलीला म्हापशाला 'नको' म्हणता येऊ लागलं आणि सत्तरीच्या मुलाला पणजीला. तालुक्यात कॉलेज आलं म्हणून ज्या मुली पहिल्यांदा पदवीधर झाल्या त्यांची संख्या मोजायला गेलं तर अशा प्रत्येक गावात एकेक आळी सापडेल.

आता माझी पाळी. १९९७ साली मी बारावी झालो. मराठी आणि इतिहास या विषयांत गुण बरे होते. पुण्याच्या एका नामांकित कॉलेजात बी.ए.ला प्रवेश मिळत होता. कोकण रेल्वे नुकती धावू लागणार होती, पुणं-मुंबई जवळ आल्यासारखी वाटत होती. मी जाणार हे जवळजवळ ठरलं होतं. आणि एका सकाळी चहाच्या वेळी मी जाहीर केलं, "मला पुणं नको. तिथे ताजे मासे मिळत नाहीत."

बाबांनी माझ्याकडे बघितलं. म्हणाले, "पावसात इथे तरी कुठे मिळतात? सुकी सुंगटंच खातोस की!" आई हसली, बहिणी हसल्या. भाकरी, बूट आणि मासे अशी घराण्याची परंपरा पुरी झाली म्हणून काकांनी पाठीवर थाप मारली. मी फोंड्याहून रोज ये-जा करत बी.ए. झालो, पुढे स्पर्धा परीक्षा दिली, सरकारी नोकरी लागली. वाईट काही झालं नाही. चार पुस्तकं वाचली, चार ओळी लिहिल्या.

पण आदल्या रात्री मी पाणी प्यायला उठलो होतो. स्वयंपाकघरात दिवा होता. आईबाबा जमिनीवर बसून हिशेब करत होते. थोरल्या बहिणीचं लग्न डिसेंबरात ठरलेलं, पतसंस्थेचं एक कर्ज आधीचं. बाबा म्हणत होते, "वसतिगृहाचं मी बघतो, दुसरं कर्ज काढू." आणि आई काही बोलत नव्हती. मी पाणी न पिताच परत आलो. बाकीची रात्र मी कारण शोधण्यात घालवली. खरं सांगितलं असतं तर बाबांनी ऐकलं नसतं, दुप्पट हट्टाने मला पाठवलं असतं. ज्याच्यावर वाद घालता येणार नाही, ज्याला लोक हसतील आणि सोडून देतील, असं कारण हवं होतं. मासे सापडले.

बाबांना कळलं होतं का? आता मी बाप झालो आहे, म्हणून वाटतं की कळलं असणार. ज्या माणसाने स्वतः बुटाचं कारण काढलं होतं त्याला माशांचं कारण ओळखू आलं नसेल? पण त्यांनी विचारलं नाही आणि मी सांगितलं नाही. बाबा २०११ साली गेले. या एका गोष्टीचं बोलणं आमच्यात राहून गेलं.

तर अशी ही पानं उलटून झाली. सतरा-अठरा वर्षांच्या मुलांची विचित्र कारणं मला आता तीन प्रकारची दिसतात. काही अगदी सरळ खरी असतात, आजोबांच्या भाकरीसारखी. त्यांना आपण उगाच हसतो. काही झाकणं असतात, खाली दुसरंच काही शिजत असतं. ताईची फेरी, बाबांचे बूट. आणि काही निव्वळ चैन असते. पातळभाजीतला गूळ, फितीचा रंग. या तिसऱ्या प्रकारावर वडीलधारी मंडळी फार चिडतात. "आमच्या वेळी असले चोचले नव्हते" असं म्हणतात. नव्हते, कारण कॉलेज नव्हतं, पूल नव्हता, बस नव्हती. मुष्टिफंडाला मूठभर तांदूळ देणाऱ्या त्या बायकांना कोणी विचारलं असतं की हे कशासाठी, तर त्यांनी मोठमोठी उत्तरं दिली असती. पण त्यांच्या मुठीतून शेवटी जे आलं त्यात हेही आहे की त्यांची खापरपणती फितीच्या रंगावरून एक अख्खं कॉलेज नाकारू शकते आणि तरी तिच्यापुढे सात उरतात. मला हे वाईट वाटत नाही.

मला अडकवून ठेवलं ते बेडकांनी. सात कारणांपैकी सहा मला चैनीतली वाटली. ऑफिसच्या गॅलरीचं कारण तर मला मान्यच आहे; दुपारी मी तिथे उभा राहतो आणि खाली बघतो, हे खरं आहे. पण पुणं तिनेच यादीत घातलं होतं. तिला मानसशास्त्र शिकायचं आहे, तिथला विभाग चांगला आहे हे तिनेच मला दोन महिन्यांपूर्वी सांगितलं होतं. आणि मागच्या आठवड्यात एका रात्री मी आणि बायको स्वयंपाकघरात बसून वसतिगृहाची फी, घराच्या कर्जाचा हप्ता आणि आईच्या डोळ्यांचं ऑपरेशन यांचा मेळ घालत होतो. तेव्हा तिच्या खोलीतला दिवा चालू होता की बंद, ते काही केल्या मला आठवेना.

दुसऱ्या दिवशी रविवार. मी सकाळी पासबुक, कर्जाचा कागद आणि पगाराची पावती घेऊन टेबलाशी बसलो आणि तिला हाक मारली. म्हटलं, "बाय, हे वाच. किती येतात, किती जातात, किती उरतात. पुण्याचं एक वर्ष जमतं, दुसऱ्या वर्षाला ओढाताण आहे, तिसऱ्याला कर्ज काढावं लागेल. शैक्षणिक कर्ज मिळतं, ते नोकरी लागल्यावर तू फेडायचं. आता हे सगळं बघून सांग, पुणं का नको?"

तिने सगळे कागद वाचले. फार वेळ वाचले. आजीने चहा आणून ठेवला तो निवला. मी तिला माझ्या माशांची गोष्ट सांगितली. आजवर ती घरात कोणालाच ठाऊक नव्हती, बायकोलाही नाही. आई चुलीकडे पाठ करून उभी होती, ती वळली नाही, पण तिच्या हातातला पेला तसाच राहिला.

कन्या म्हणाली, "बाबा, हे तुम्ही आजोबांना का सांगितलं नाही?"

मी म्हटलं, "त्यांनी विचारलं नाही म्हणून."

तिने लाल पेन मागून घेतला. मग विचार बदलून निळा घेतला. पुण्याच्या नावावरची काट तशीच ठेवून तिच्यापुढे एक प्रश्नचिन्ह काढलं आणि म्हणाली, "उद्यापर्यंत वेळ द्या. पण बेडकांचं खरंच आहे हं. मी मावशीकडे पुण्याला राहिले होते ना, तेव्हा दोन रात्री मला झोप लागली नव्हती."

आजोबांची तीन पत्रं आठवली. मी बेडकांचंही कारण लिहून घेतलं.

कागद अजून फ्रिजवर चुंबकाने लावलेला आहे. तुमच्याही घरी यंदा असा एखादा कागद फिरत असेल, नाहीतर जुन्या काळचा एखादा किस्सा हसून सांगितला जात असेल. एकदा हसून झालं की पुढचं पान जरूर उलटा. ज्याने ते कारण दिलं तो माणूस अजून समोर असेल, तर विचारायला उशीर झालेला नाही.